मदत हवी आहे: बेडरूमचं कार्पेट, बजेट ५०० पौंड (यूके)

पारिजात_लीड्स

मंडळी, यूकेत घर घेऊन कार्पेट टाकून घेतलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. लीड्सला १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. वरच्या मोठ्या बेडरूममधलं आधीच्या मालकांचं कार्पेट आता बघवत नाही. खिडकीखाली उन्हाने विटलंय, पलंगाच्या कडेला झिजून खालचं विणकाम दिसतंय आणि हवा दमट असली की त्यांच्या कुत्र्याची आठवण येते. सगळे पैसे डिपॉझिटमध्ये गेलेत, त्यामुळे ५०० पौंडांच्या वर जायचं नाही असं ठरलंय.

खोली ४.६० मीटर लांब. रुंदीचा घोळ आहे. मधोमध जुन्या फायरप्लेसची भिंत पुढे आलीय, तिथपर्यंत ३.७५. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये मोजलं तर ४.०८. एका खाचेत भिंतीत बसवलेलं कपाट आहे, त्याखाली कार्पेट नको.

दुकानाचा माणूस माप घेऊन गेला. कोटेशन असं आलंय:

पॉलिप्रॉपिलीन ट्विस्ट (प्लास्टिकच्या पिळदार धाग्याचं कार्पेट), ५ मीटरचा रोल, ५ × ४.७ = २३.५ चौ.मी., दर १३ पौंड: ३०५.५०
अंडरले (कार्पेटखाली घालायचा मऊ थर): १५०
ग्रिपर आणि दाराची पट्टी: ३५
फिटिंग: ११०
जुनं कार्पेट काढून नेणे: ४५
एकूण: ६४५.५०

नवऱ्याचं म्हणणं, जुनंच अंडरले ठेवू, १५० वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. खोली जेमतेम १९ चौ.मी. असताना २३.५ चे पैसे का मोजायचे? आणि घरात तीन वर्षांचं पोर आहे, हळदीचं दूध त्याला पलंगावरच लागतं. लोकरीचं घ्यावं की हे प्लास्टिकच बरं?

खडूस_काका

कार्पेट हवंच कशाला म्हणतो मी. खाली लाकडी फळ्या असतील ना? घासून पॉलिश करा, वर आपली सतरंजी टाका. झटकता तरी येते.

पारिजात_लीड्स

काका, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आहेत, आणि वर पोरगं धावलं की खाली हॉलमध्ये छत कोसळतंय असं वाटतं. पुण्यात असते तर सतरंजीच टाकली असती.

गजू_मँचेस्टर

ताई, कोटेशन नीट बघा, ४ मीटरच्या रोलमध्ये काम होईल.

इथे कार्पेट बहुतेक ४ आणि ५ मीटर रुंदीच्या रोलमध्ये येतं, आणि पैसे रोलमधून कापलेल्या पूर्ण तुकड्याचे द्यावे लागतात, खोलीच्या क्षेत्रफळाचे नाही. तुमची रुंदी ४.०८ दिसली की दुकानदार डोळे मिटून ५ चा रोल लावतो, कारण जोड नको. पण ५ चाच घ्यायचा तर तो आडवा का नाही फिरवला? ५ ची बाजू ४.६० वर टाकली तर ४.२ मीटरच कापावं लागतं, म्हणजे २१ चौ.मी. तिथेच ३२ पौंड वाचले.

त्याहून बरा उपाय म्हणजे ४ चा रोल, ४ × ४.७ = १८.८ चौ.मी., २४४ पौंड. कमी पडतंय ते फक्त उघड्या खाचेच्या मागच्या भिंतीलगत, आठ-दहा सेंटीमीटरची पट्टी. आणि फायरप्लेसच्या भिंतीसमोर ४ मीटरपैकी २५ सेंटीमीटर कापून टाकावंच लागणार आहे. तोच तुकडा शेजारच्या खाचेत सरकवून जोडायचा. त्याच रोलचा, त्याच दिशेचा, त्यामुळे लव (कार्पेटचे वरचे उभे धागे) एकाच बाजूला झुकते आणि रंग वेगळा दिसत नाही. लव फिरली की एकाच कार्पेटचे दोन तुकडे दोन रंगांचे वाटतात, म्हणून तुकडा उलटा-आडवा करू देऊ नका. वर खणांचं कपाट ठेवलंत की जोड कोणाला दिसायचा नाही. दारात किंवा पलंगाच्या कडेला असा जोड मी कधीच करू दिला नसता, तिथे रोज पाय पडतो.

मधुरा_टी

गजूंना अनुमोदन. पण अंडरलेबाबत तुमच्या ह्यांचं ऐकू नका! जुनं अंडरले पलंगाच्या पायांखाली आणि चालायच्या वाटेवर दबून पापड झालेलं असतं. नवं कार्पेट वर टाकलं की त्या खळग्यांसकट बसतं आणि तिथेच आधी झिजतं. शिवाय तुम्ही म्हणताय तो वास निम्मा त्यातच मुरलेला असणार. माझं मत विचाराल तर बजेट कमी असेल तेव्हा कार्पेट एक पायरी खालचं घ्या, अंडरले नको.

मात्र ते दुकानातूनच घ्यायला हवं असं नाही. बेडरूमला ९-१० मिलिमीटरचं पीयू फोम पुरे. ऑनलाइन साधारण १५ चौ.मी.चे रोल मिळतात, तुम्हाला दोन लागतील, उरलेलं छोट्या खोलीला होईल. आमचे ५५ पौंडाला एक असे पडले. लॅमिनेटखाली घालतात ते पातळ अंडरले चुकून मागवू नका. ग्रिपर म्हणजे भिंतीलगतच्या खिळ्यांच्या पट्ट्या गंजल्या-कुजल्या नसतील तर तशाच राहू द्या, फिटरला आधी विचारा.

जुनं कार्पेट स्वतः काढा. धारदार कटरने मीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, गुंडाळून दोरीने बांधायच्या आणि काउन्सिलच्या टिपवर (कचरा जमा करायच्या केंद्रावर) न्यायच्या. टिपवर घेतात का, आधीपासून वेळ ठरवावी लागते का, ते काउन्सिलच्या साइटवर बघा. मास्क लावा, खालून निघणारी धूळ बघून जेवण जाणार नाही.

ओवी८५

लोकर की प्लास्टिक, त्याबद्दल. लोकरीचं (बहुधा ८०/२०, म्हणजे ८० टक्के लोकर आणि बाकी दुसरा धागा असतो) दबलं तरी पुन्हा उभं राहतं, पायाला छान लागतं. पण तुमच्या बजेटात बसणार नाही आणि लोकरीवर ब्लीच चालत नाही. पलंगाखाली जिथे व्हॅक्यूम पोचत नाही तिथे कसरही लागते, आमच्याकडे लागली होती.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये रंग धाग्यातच मुरवलेला असतो, म्हणून लेबलवर ब्लीच चालतं असं लिहिलेलं असेल तर पातळ ब्लीचने डाग काढता येतो. आधी कोपऱ्यात करून बघा. हळद पिवळी राहिलीच तर उन्हाने फिकी होते, पण लीड्सच्या उन्हावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा. :) त्याचे दोष दोन. तेलकट डाग धरून ठेवतं. आणि घर्षणाने वितळतं: जड पलंग ओढलात तर चकचकीत चरा उठतो, तो जन्मात जात नाही. पलंग उचलूनच हलवायचा.

दुकानात नमुना बोटांवर उलटा वाकवून बघा. धाग्यांमधून खालचं कापड सहज दिसलं तर विणकाम विरळ आहे, तो सोडा. नमुना घरी आणून जमिनीवर ठेवून दिवसा आणि रात्री दिव्यात बघा, दुकानातल्या उजेडात सगळेच करडे रंग चांगले दिसतात.

पारिजात_लीड्स

सगळ्यांना खूप धन्यवाद! दुकानात फोन केला. ४ मीटरच्या रोलचं म्हटल्यावर आधी ‘जोड दिसेल’ वगैरे झालं, मग गजूदादांनी सांगितलेली युक्ती सांगितली तर गप्प. आत फिटरला विचारून आला आणि म्हणाला, होईल. आता हिशोब असा: कार्पेट २४४, अंडरले ११०, दाराची पट्टी १०, फिटिंग ११०. एकूण ४७४. नवरा अंडरलेचं मान्य करायला तयार नव्हता, त्याला जुनं एका कोपऱ्यात उचलून दाखवलं. हाताला पिवळा भुगा लागला, मग काही बोलला नाही.

आता फिटर यायच्या आधी काय काय करून ठेवू?

गजू_मँचेस्टर

छान झालं. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. वस्तू १०० पौंडांच्या वर असली की दुकान मधेच बुडालं तरी १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीकडे मागता येतात.

रंगकाम करायचं असेल तर ते आधी. जुनं निघालं की कुरकुरणाऱ्या फळ्या स्क्रूने आवळून घ्या, पण लांब स्क्रू नको आणि जिथे तिथे मारू नका, खाली हीटिंगचे पाइप आणि वायरी असतात. आणि दार. नवं अंडरले जाड असल्याने दार घासणार, बरेच फिटर दार तासून देत नाहीत. ते दिवसभर बिजागरीतून काढून ठेवा, कार्पेट बसल्यावर मापाने तासा, आधी नको.