इंग्लंडच्या खेड्यापाड्यातून माउंटन बायकिंग: रेडिंगच्या आसपास सुरुवात कुठून करावी?

पॅडल_आणि_पोहे:

नमस्कार मंडळी, आम्ही तिघं (मी, नवरा आणि अकरा वर्षांचा मुलगा) मागच्या वर्षी पुण्याहून रेडिंगला आलो. पुण्यात असताना पानशेत, सिंहगड पायथा या बाजूला कच्च्या रस्त्यांवर भरपूर सायकल चालवलीय त्यामुळे खडबडीत वाटेची भीती नाहीये. तिघांकडेही साध्या हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेल्या सायकली) आहेत. पण इथे कुणालाही विचारलं की थेट बाइक पार्कचं नाव सांगतात, जंप आणि ड्रॉप आणि रेड (म्हणजे अवघड) ट्रेल आणि काय काय. ते नकोय हो मला. मला शेतांच्या कडेकडेने, मेंढ्यांच्या कुरणातून, जुन्या चर्चच्या मागून जाणारी वाट हवीय, मध्ये एखाद्या गावात काहीतरी खायचं आणि संध्याकाळी ट्रेनने घरी.

शेतातून सायकल न्यायची परवानगी नक्की कुठे असते? काही गेटवर पिवळा बाण दिसतो, काहींवर निळा, त्याचा काय अर्थ? आणि मुलाला झेपेल असं आधी काय करावं? गाडी नाहीये आमच्याकडे, हेही सांगून ठेवते.

खडूची_वाट:

ताई, तुमचा बाणाचा प्रश्न आहे ना, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, तेवढा कळला की निम्मं इंग्लंड उघडतं. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा म्हणजे ब्रायडलवे, मुळात घोडेस्वारांची वाट, पण १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने तिथे सायकलींनाही हक्क दिला, अट एकच की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. जांभळट बाण म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल म्हणजे बायवे, दोन्हीकडे सायकल चालते. जमीन शेतकऱ्याचीच असते, मालकी खाजगी, पण त्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा, त्यामुळे कुणाला विचारायची गरज नाही. एकूण वाटांपैकी सायकलींना खुल्या असलेल्या वाटा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणून नकाशा पाहिजेच. ऑर्डनन्स सर्व्हेचा (सरकारी नकाशा संस्था) एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० वाला, त्यात लांब हिरव्या रेघांची तुटक लाइन म्हणजे ब्रायडलवे आणि बारीक तुटक म्हणजे फुटपाथ. तुमच्यासाठी शीट १७१ (चिल्टर्न हिल्स वेस्ट) आणि १७० (व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स). फोनवरचं अ‍ॅपही आहे पण कागदाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून मुलाला स्वतःची वाट बोटाने काढू द्या, त्याची मजा वेगळीच.

अजून एक, लोक स्कॉटलंडचे व्हिडिओ बघून समजतात की कुठेही सायकल घालता येते. तिकडचा २००३ चा कायदा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये ओपन अ‍ॅक्सेस लँडवर (लोकांना मोकळं फिरायला खुली केलेली माळरानं वगैरे) सुद्धा फक्त पायी फिरायचा हक्क आहे, सायकलचा नाही.

घोडा दिसला तर वेग कमी करा, लांबूनच माणसाच्या आवाजात हॅलो म्हणा, मागून अचानक घंटी वाजवू नका, घोडा बिचकतो. गेट जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद.

थेम्सकाठ:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता प्रत्यक्ष वाट. तुम्ही रेडिंगला राहता म्हणजे तुमच्या दारात रिजवे आहे हो, टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी लांब पल्ल्याची जुनी वाट! रेडिंगहून लोकल ट्रेन पकडायची, टाइलहर्स्ट, पँगबर्न आणि मग गोरिंग अँड स्ट्रीटली, पंधराएक मिनिटं. उतरून थेम्सवरचा पूल ओलांडला की स्ट्रीटली, तिथून आधी डांबरी रस्त्याने हळूहळू चढ, एक फार्म लागतं आणि तिथे डांबर संपून पांढरी खडूची वाट सुरू होते. इथून पश्चिमेला एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपर्यंतचा सगळा रिजवे सायकलींना खुला आहे. उलट दिशेला म्हणजे गोरिंगहून पूर्वेकडे चिल्टर्न टेकड्यांमधून जाणारा बराचसा भाग फुटपाथ आहे, तो मार्ग सायकलवर धरू नका, मधले थोडे तुकडेच चालतात.

वर पोचल्यावर टेकडीच्या माथ्या-माथ्यावरूनच वाट जाते, खूप मोठे चढ-उतार नाहीत, दोन्ही बाजूंना गव्हा-जवाची शेतं आणि शर्यतीचे घोडे पळवायची मऊ गवताची मैदानं, गॅलप्स म्हणतात त्यांना, त्यावर चुकूनही सायकल घालू नका. मुलाबरोबर पहिल्यांदा जाताना ईस्ट इल्स्लीपर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. छोटं गाव, तळं आहे, पब आहे, एकेकाळी इथला मेंढ्यांचा बाजार लंडनच्या स्मिथफिल्डनंतर मोठा मानला जायचा, देशभरातून कळप पायी यायचे आणि त्यातले बरेच याच वाटांनी आलेले. आपण त्याच वाटेवर सायकल चालवतोय हे मुलाला सांगा.

पुढे कधी दम वाढला की ए-३४ महामार्गाखालच्या बोगद्यातून पलीकडे जाऊन अफिंग्टनपर्यंत जा. तिथे खडूत कोरलेला पांढरा घोडा आहे, ११० मीटर लांब आणि सुमारे ३,००० वर्षं जुना. गंमत म्हणजे टेकडीवर उभं राहिलं तर तो अख्खा दिसतच नाही, खालच्या खोऱ्यातून जास्त दिसतो. थोडं पुढे वेलँड्स स्मिदी, बीचच्या झाडांमध्ये लपलेलं नवाश्मयुगातलं दफनस्थान. मला त्या जागी बसून डबा खायला फार आवडतं.

ओला_टायर:

थेम्सकाठ म्हणतात ते सगळं खरं पण सीझन कोणी सांगितलाच नाही! रिजवे मे ते सप्टेंबर. त्याआधी आणि नंतर काही पट्टे इतके चिखलाचे होतात की चाक फिरत नाही, शिवाय ओला खडू साबणासारखा निसरडा आणि तो टायरला, फ्रेमला लपेटून बसतो. आणि उलट कडक उन्हाळ्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर वाळून कडक होतात, पुढचं चाक त्यात अडकलं की तोल जातो, तेव्हा मुलाला सांगा की चर सोडून मधल्या किंवा कडेच्या गवतावरून चाक न्यायचं आणि नजर लांब ठेवायची. हिवाळ्यात मोटरगाड्यांना बऱ्याच भागात बंदी असते म्हणून वाट थोडी तरी सावरते.

चिल्टर्नमध्ये तर खडूवर चिकणमाती आणि फ्लिंटचा थर आहे. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड, काचेसारखी धार. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून घ्या, जमत नसेल तर प्रत्येकी एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर ठेवाच. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) बिलकुल लागत नाही, हार्डटेल उत्तम.

पण म्हणून चिल्टर्न टाळू नका हं. एप्रिलच्या शेवटी बीचच्या जंगलात ब्लूबेल फुलतात तेव्हा हेन्लेहून वर स्टोनरच्या बाजूचे ब्रायडलवे घ्या. डोक्यावर रेड काइट, तांबूस शेपटीच्या घारी. त्या इंग्लंडमधून नामशेष झाल्या होत्या, १९८९ नंतर स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली आणि आता आभाळभर आहेत. उन्हाळ्यात मात्र पायाला खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल्स आणि गोचीड, लांब मोजे घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा, गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो.

मुलगा_पुढे_आम्ही_मागे:

आमच्या घरातही याच वयाचा मुलगा आहे म्हणून लिहितेय. सुरुवात केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने करा, रेडिंगहून न्यूबरीकडे, नॅशनल सायकल रूट ४. सपाट, लॉक्स (बोटींना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दरवाजे) बघत बघत, बदकं, नॅरोबोटी (कालव्यातल्या लांब अरुंद बोटी), आणि दमलात की मध्ये थील, ऑल्डरमॅस्टन, थॅचम अशी स्टेशनं आहेत, कुठूनही ट्रेन. पायी चालणाऱ्यांना प्राधान्य असतं आणि पुलाखालून जाताना वाट अरुंद होते, तिथे हळू. हे नीट जमलं की गोरिंगला जा.

आणि बाइक पार्कला एकदम नाही म्हणू नका, ब्रॅकनेलजवळच्या स्विनली फॉरेस्टमधला ग्रीन (सोपा) आणि ब्लू (मध्यम) ट्रेल मुलांना वळणं आणि ब्रेक शिकायला फार चांगला आहे, पुढे शेतातल्या वाटेवर ते उपयोगी येतं. वाळूमिश्रित जमीन असल्यामुळे पावसाळी दिवसांतही तो बरा राहतो. तिथे गर्दी असते हे मान्य.

पॅडल_आणि_पोहे:

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, खूप खूप आभार! नकाशा १७१ मागवलाय. कालव्यापासून सुरू करतो, मग ईस्ट इल्स्ली. एकच विचारायचंय, साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या वाटेबद्दल खूप ऐकलंय, तो आमच्यासारख्यांना जमेल का की फारच अवघड आहे? आणि ट्रेनमध्ये तीन सायकली घेतात का?

खडूची_वाट:

अख्खा साउथ डाउन्स वे म्हणजे विंचेस्टर ते ईस्टबर्न १६० किमी, आणि नॅशनल ट्रेल (मुख्यतः चालणाऱ्यांसाठीची अधिकृत लांब पल्ल्याची वाट) असून तो सलग सायकलवर करता येतो ही त्याची खासियत. एकूण चढ साडेतीन हजार मीटरच्या वर जातो, तेव्हा अख्खा आत्ता नको. पण विंचेस्टर ते पीटर्सफील्ड एवढाच तुकडा उन्हाळ्यातल्या लांब दिवसात करा, ४० किमीच्या आसपास. चीजफूट हेडपर्यंत सोपा, एक्सटनच्या आसपास चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी होते तिथे पाटी नीट वाचा, मग ओल्ड विंचेस्टर हिलवरचा लोहयुगातला किल्ला. शेवटी बट्सर हिलवरून मोकळ्या गवताचा लांब उतार आहे, मुलाला आवडणार, पण ब्रेक तपासूनच सोडा, कारण त्या उतारावर मेंढ्या असतात आणि त्या कधी आडव्या येतील सांगता येत नाही.

रेडिंगहून विंचेस्टरला थेट ट्रेन आहे, पण तिच्यात सायकलची जागा मोजकी असते, आधी बुक करावी लागते, तीन एकत्र मिळतीलच असं नाही. त्यामुळे सायकलच्या जागा आधी बघा आणि तिकीट नंतर काढा. पीटर्सफील्डहून परत येताना गिल्डफर्डला बदलायचं. गोरिंगच्या लोकलला तेवढी कटकट नाही, फक्त सकाळ-संध्याकाळची ऑफिसची गर्दी टाळा. ईस्ट इल्स्लीला जाल तेव्हा पाणी स्टेशनवरच भरून घ्या, वर माथ्यावर नळ फार लांब लांब आहेत.