मदत हवी आहे: बोटीचा आवाज कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही मिशिगनमध्ये असतो, गेल्या वर्षी एक जुनी मोटरबोट घेतली, इनबोर्ड आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आतच. आधीच्या मालकाने एक्झॉस्टला बटण बसवून घेतलंय, एका बाजूला केलं की धूर पाण्याखालून जातो आणि बोट घुमते नुसती, दुसऱ्या बाजूला केलं की मागच्या पाइपमधून थेट बाहेर आणि मग काय, बुलेटचा सायलेन्सर काढल्यासारखं! शेजारच्या आजोबांनी दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा पोलिसांना फोन करेन म्हणाले.

वाचून कळलं ते असं की इथे लिमिट दोन आहेत. उभ्या बोटीची टेस्ट, म्हणजे इंजिन न्यूट्रलमध्ये आयडलवर, माइक बोटीपासून मीटरभर लांब आणि पाण्याच्या वर साधारण सव्वा ते दीड मीटर, तिथे ९० डेसिबल. आणि दुसरी किनाऱ्यावरून, चालत्या बोटीची, तिथे ७५. मी धक्क्यावर उभं राहून फोनच्या ॲपवर मोजलं तर ८६ ते ९१ असं नाचत होतं, त्यात वारा होता आणि बायको बोटीतून ओरडत होती ती वेगळीच.

तर विचारायचं असं की फोनवर 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजायची सेटिंग) लावलं तरी कितपत भरवसा ठेवायचा, की मीटर भाड्याने आणू? आयडलला पास झालो तरी किनाऱ्याच्या टेस्टमध्ये अडकू शकतो ना? आणि ते बटण काढून मागचा पाइप कायमचा बंद केला तर इंजिनला बॅकप्रेशरचा, म्हणजे धूर अडून उलटा दाब येण्याचा, त्रास होतो का, कोणी केलंय का असं?