कपाटातले जुने मोबाईल : आपले अनुभव लिहा

चवथीच्या साफसफाईत गोव्यातील पेडण्याच्या आमच्या घरी कपाटातून पाच जुने मोबाईल निघाले, आणि त्यांतील एकाची बॅटरी इतकी फुगली होती की मागचे झाकण उचलले गेले होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कपाटापासून संकलन केंद्रापर्यंतची वाट आपल्यालाच चालावी लागते. ती आपण कशी चाललात, हे कृपया सविस्तर लिहावे.

डिचोली : पहिले दोन फोन मी भंगारवाल्याला दिले. काही दिवसांनी गावाबाहेर तांब्यासाठी वायरी जाळताना पाहिल्या, तो काळा धूर नाकात बसला, आणि माझ्या फोनांचेही असेच झाले असेल का, या विचाराने मला फार वाईट वाटले. तिसरा फोन मी मडगावला कंपनीच्या सेवाकेंद्रात दिला व पावती घेतली. देण्यापूर्वी छायाचित्रे संगणकावर उतरवली, सिम आणि मेमरी कार्ड काढले, गूगल खाते हटवले आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट केले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण खाते न हटवता रीसेट केल्यास फोन पुन्हा जुनाच पासवर्ड मागत राहू शकतो आणि मग तो दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही.

फोंडा : वडिलांचा फोन सुरूच होत नव्हता, त्यामुळे आतले काही पुसता आले नाही. दुसऱ्या फोनवरून त्यांच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि जोडलेल्या उपकरणांतून तो फोन काढून टाकला.

साळगाव : सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेला फोन पंचायतीच्या गाडीवरील बाईंनी मला परत दिला. ‘गाडीत बॅटरी चेपली तर पेट घेते,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. लिथियमची बॅटरी कचऱ्यात दाबली गेल्यास आग लागू शकते आणि ती सर्वप्रथम याच कामगारांच्या अंगाशी येते.

वाळपई : मी शिक्षिका आहे. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे ५,००० पदकांसाठी जपानमध्ये लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून ३२ किलो सोने काढले गेले आणि त्या उपकरणांत सुमारे ६२ लाख मोबाईल होते, हे सांगितल्यावर मुलांनी आठवड्याभरात चौदा फोन आणले. त्यांतील दोन चालू होते. नव्या बॅटऱ्या घालून ते विद्यार्थिनींना दिले. उरलेले बारा शाळेच्या कोरड्या कपाटात आहेत. सत्तरी तालुक्यात येऊन ते नेणारे अधिकृत पुनर्चक्रणकर्ते कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.