मदत हवी आहे: रिमोटचं ओके बटण कोडीपर्यंत पोचत नाही

नमस्कार मंडळी. फोंड्याला घरी जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स आणि कोडी (व्हिडिओ-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) टाकून तो टीव्हीला जोडलाय. गावच्या नाटकांची, भजनांची सगळी रेकॉर्डिंग त्यातच आहेत. रिमोट मीडिया सेंटर प्रकारचा, आरसी-६ (इन्फ्रारेड सिग्नलची एक पद्धत) वाला, रिसीव्हर यूएसबीचा.

बाण चालतात, आवाज कमी-जास्त होतो. ओके आणि आकड्यांची बटणं मात्र ढिम्म. रिसीव्हर ठीक असणार, कारण आयआर-कीटेबल (रिमोटची बटणं तपासायचा, नेमायचा लिनक्सचा प्रोग्रॅम) टेस्टला लावलं की प्रत्येक बटणाचा स्कॅनकोड, म्हणजे रिमोटने पाठवलेला क्रमांक, दिसतो. ओकेला 352 हा कीकोड (लिनक्स त्या बटणाला देतं तो क्रमांक) मिळतो, आकड्यांना 512 पासून पुढचे. आणि दाबलेलं बटण पडद्यावरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवणाऱ्या एक्स-११ ची मजल 255 पर्यंतच! पाणी इथेच मुरतंय.

मग ओकेला एंटर आणि आकड्यांना कीबोर्डचे साधे आकडे नेमून स्वतःचा कीमॅप (कुठलं बटण कशाला, याची यादी) लिहावा, की लर्क (LIRC, रिमोट हाताळणारं वेगळं सॉफ्टवेअर) बसवावं? दोन्ही एकदम ठेवले तर एकदा दाबून दोनदा सरकेल अशी धास्ती आहे. मला पहिला मार्ग बरा वाटतो, पण रीस्टार्टनंतरही तो टिकावा म्हणून कुठला कीमॅप आपोआप लावायचा ते ठरवणाऱ्या आरसी-मॅप्सच्या फाइलमध्ये ओळ कशी लिहायची? कोणाकडे चालणारी असेल तर कृपया द्या. चवथीला घर भरायच्या आत जमायला हवं, सोफ्यावर लोळणारा कीबोर्ड आईला खपत नाही.

एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्याच रिमोटने जोडलेलं यंत्र चालवायची सोय) सुचवू नका, या पीसीत ती सोय नाही आणि वेगळा अडॅप्टर घ्यायचा नाही.

जाता जाता: झोपलेला पीसी याच रिमोटने उठवायला बायोसमध्ये यूएसबी वेक चालू केलं की पुरतं, की लिनक्सच्या बाजूनेही काही करावं लागतं?