रोझरी, तसबीह, माळ: तिन्हींना ‘जपमाळ’च म्हणायचं का?

वाटसरू
कॅथलिक, इस्लामी आणि बौद्ध उपासनापद्धतींची तुलना करणारा एक लेख मराठीत आणतोय. एकाच परिच्छेदात रोझरी, तसबीह आणि तिबेटी माळ लागोपाठ येतात. तिन्ही ठिकाणी ‘जपमाळ’ लिहिलं आणि वाचून पाहिलं, तर जपमाळेची जपमाळेशीच तुलना झाली! ‘स्मरणी’ हा जुना शब्द आहे, पण आज तो किती जणांना कळेल?

वसईकर
आमच्याकडे रोझरी आणि जपमाळ दोन्ही म्हणतात, त्यामुळे चूक काही नाही. पण ‘जप’ म्हटलं की नामाची आवर्तनं एवढंच डोळ्यांसमोर येतं. रोझरीत पाच दशकं असतात, दर दशकात १० वेळा ‘आवे मारिया’ ही मरियेला नमन करणारी प्रार्थना. आणि प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला ‘रहस्य’ म्हणतात. ओठांवर मरियेला नमन, मन मात्र गेथशेमानीच्या बागेत, जिथे येशूनं अटकेपूर्वी प्रार्थना केली. मोजदाद बोटांकडे सोपवलेली.

गोव्यात कोंकणीत हिलाच ‘तेर्स’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ तृतीयांश. बायबलातली स्तोत्रं १५०, म्हणून पूर्ण रोझरीत ‘आवे मारिया’ही १५० आणि रहस्यं १५. एका बैठकीत त्यातली पाच, म्हणजे एक तृतीयांश. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्यं जोडली. आता एका बैठकीचा वाटा चतुर्थांश झालाय, नाव तृतीयांशच राहिलं!

चाफेकळी
मी असं वाचलं होतं की ‘रोझरी’ हा आपल्याच शब्दाचा गोंधळ आहे. ‘जप-माला’ कुणीतरी ‘जपा-माला’ ऐकली, जपा म्हणजे जास्वंद (‘जपाकुसुमसंकाशं’ आठवा), आणि मग भाषांतर करताना गुलाबांची माळ, म्हणजे ‘रोझरी’ झाली. खरं आहे का?

वाटसरू
वाचायला झकास, पटायला अवघड. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या आल्ब्रेख्त वेबर या जर्मन संस्कृतज्ञाच्या नावावर सांगतात. पण युरोपात या माळेचं जुनं नाव ‘पातेर नोस्तेर’ होतं, म्हणजे ‘हे आमच्या पित्या’ या प्रार्थनेचे पहिले दोन लॅटिन शब्द. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये अशा माळा बनवणाऱ्या कारागिरांचे वेगळे संघ होते आणि त्यांनाही याच शब्दावरून नाव पडलं होतं. माळ नावासकट भारतातून गेली असती तर गुलाब आधी यायला हवा होता, तो नंतर आला. लॅटिन ‘रोझारियुम’ म्हणजे गुलाबाची बाग, आणि मरियेला वाहिलेल्या प्रार्थना म्हणजे गुलाबांचा मुकुट ही कल्पना मध्ययुगातली. जास्वंदीची गरजच पडत नाही.

बोरूबहाद्दर
तसबीहबद्दल एक मुद्दा. ‘तसबीह’ हे आधी कृतीचं नाव आहे: ईश्वराचं पावित्र्य वर्णणं. ‘सुब्हानल्लाह’ त्याच धातूतला. माळेला ते नाव नंतर चिकटलं. नमाजनंतर सुब्हानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा आणि अल्लाहु अकबर ३३ किंवा ३४ वेळा म्हणण्याची प्रथा आहे, म्हणून मणी ३३ किंवा ९९. पण माळ लागतेच असं नाही. अनेक जण बोटांच्या पेरांवर मोजतात, आणि काही पंथांना माळ ही नंतरची भर वाटते. तिथे ‘जपमाळ’ लिहिलंत तर वस्तूच धर्माचा भाग ठरते.

बौद्धांचंही सरसकट धरू नका. १०८ मण्यांची माळ तिबेटात ‘ओम मणि पद्मे हुम्’साठी. आपल्याकडच्या विहारांत त्रिशरण-पंचशील म्हणतात, माळ ओढताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

चाफेकळी
मग क्रियापदं बघा ना. आपण माळ ‘ओढतो’, तसबीह ‘पढतात’. आणि रोझरी?

वसईकर
‘म्हणतात’. घरी संध्याकाळी आई हाक मारायची ती ‘चला, रोझरी म्हणूया’ अशीच. ओढूया असं कधी ऐकलं नाही.

वाटसरू
हे सोयीचं झालं. नामं मूळचीच ठेवतो, रोझरी म्हणणं, तसबीह पढणं, माळ ओढणं. ‘जपमाळ’ फक्त परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात, तिन्हींची तोंडओळख करून द्यायला. आता तिबेटी माळेतल्या मोठ्या मण्याला ‘मेरुमणी’ म्हटलं तर चालेल की तिथेही भांडण आहे?