मे महिन्यात लॅब कुत्र्याला घेऊन गुहागरला जावं का? मुंज, पंच्याहत्तरी आणि घरभर माणसं

बिट्टूची_आई
नमस्कार मंडळी, आधीच सांगते पोस्ट लांबणारे.

आमचा बिट्टू, लॅब म्हणजे लॅब्राडोर, चार वर्षांचा, वजन ३२ किलो. व्हेट म्हणतात दोन किलो जास्त आहे, सासूबाई म्हणतात वाळलाय बिचारा. तर मे महिन्यात गुहागरजवळ आमच्या गावच्या घरी पुतण्याची मुंज आहे आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या काकूंची पंच्याहत्तरी, म्हणजे सगळं धरून आठ दिवस. पंचवीस-तीस माणसं असतील घरात. गेल्या दिवाळीत चार दिवस त्याला बोर्डिंगला ठेवला होता तर पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, भुंकून भुंकून घसा बसलेला आणि घरी आल्यावर आठवडाभर खोकत होता, वर दिवसाला ७०० रुपये. परत नाही ठेवायचा असं मीच म्हटलेलं तेव्हा.

आता घोळ असा की गाडीत आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई. हॅचबॅक. बिट्टू कुठे बसणार हा एक प्रश्न, दुसरा म्हणजे उकाडा, आणि तिसरा खरा प्रश्न म्हणजे घर. काका फोनवर म्हणाले "आण की, पण घरात नको, गोठ्यात बांधू". गोठ्यात आता गुरं नाहीत, लाकडं आणि नारळाची सोडणं भरलीयेत. हा प्राणी आमच्या पलंगावर उशीला डोकं टेकून झोपतो.

कोणी नेलाय का कोकणात उन्हाळ्यात? काय काय सांभाळायचं?

आगरातला
ताई मी चिपळूणचाच, त्यामुळे उकाड्याचं वगैरे इतर लोक सांगतील, मी एकच गोष्ट आधी सांगतो. गोठ्यात बांधू नका. पडवीतपण नका. आमच्याकडे बिबट्या अंगणात येतो आणि तो येतो कुत्र्यासाठीच. आमच्या वाडीतले दोन कुत्रे गेले, दोन्ही बांधलेले होते. मोकळं कुत्रं निदान पळतं, घरात घुसतं, बांधलेलं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. काकांना माहीत असणार हे, बहुतेक त्यांच्या डोळ्यासमोर गावठी कुत्रं असेल जे रात्री आपलं आपण जागा शोधतं. दिवेलागणीनंतर बिट्टू दाराच्या आत, एवढं काकांशी आधीच बोलून घ्या. तिथे पोचल्यावर तीस माणसांसमोर हा विषय निघाला की मग तो मानापमानाचा होतो.

दुसरं फुरसं, साप. जांभ्याचा कातळ, गडगा, रचलेली लाकडं, सोडणांचा ढीग ही सगळी त्याची जागा. एवढंसं असतं पण विषारी, आणि लॅबला नाक खुपसायची सवय. रात्री शी-शूला न्याल तेव्हा बॅटरी हवीच आणि पट्टा आखूड धरायचा. चावलंच तर हळद-बिळद लावत बसू नका. माणसाला देतात तीच विषावरची लस कुत्र्याला लागते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही त्यात येतात, पण ती जवळ कुठे मिळते हे जायच्या आधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन करून विचारा. रात्री दहाला शोधाशोध नको.

घाटमाथा_७२
आम्ही दोनदा नेलाय, पुणे ते दापोली, आमचा पण लॅबच.

प्रवास: पहाटे चारला निघा. साताऱ्याकडून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे जाल ना? मग ऊन चढायच्या आत घाट उतरून होईल. आदल्या रात्री आठला जेवण द्यायचं आणि सकाळी काहीही नाही, नुसतं पाणी थोडं थोडं. आम्ही पहिल्यांदा प्रेमाने सकाळी दहीभात घातला तो त्याने कुंभार्लीच्या तिसऱ्या वळणावर बायकोच्या पदरात परत केला, त्या साडीचं नाव अजून घरात काढत नाही. गाडी थांबवून चहाला उतरलात तर एक माणूस एसी चालू ठेवून गाडीत. काच चार बोटं उघडी ठेवून काही उपयोग होत नाही, उन्हात दहा मिनिटांत आत भट्टी होते.

जागेचं म्हणाल तर पाच माणसं अधिक ३२ किलो हॅचबॅकमध्ये बसत नाही हो. कोणीतरी एसटीने जा. स्वारगेटहून गुहागर गाडी आहे.

रेल्वेचा विचार करत असाल तर सांगतो, थ्री टियर टू टियर स्लीपर कशातच कुत्रा चालत नाही. फर्स्ट एसीत चालतो पण अख्खं कूपे किंवा केबिन तुमचं हवं, आणि कूपे मिळालं की नाही ते चार्ट लागल्यावर कळतं. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात त्या पेटीत मी माझा कुत्रा घालणार नाही.

उगाच_कशाला
राग मानू नका पण मुंजघरात माणसांना पाठ टेकायला जागा नसते, सोवळ्याओवळ्याची माणसं असतात, लहान पोरं असतात, काहींना कुत्र्याची भीती असते. आठ दिवस तुम्ही मुंजीत असणार की बिट्टूच्या मागे? यजमानीणबाईंचा पण विचार करा. दुसरं बोर्डिंग शोधा, किंवा ओळखीच्या कोणाला घरी राहायला बोलवा.

बिट्टूची_आई
@उगाच_कशाला राग कसला, माझ्या जाऊबाईंच्या मनात हेच असणार, त्या बोलत नाहीत एवढंच. घरी राहायला कोण येणार मे महिन्यात, सगळे आपापल्या गावी पळतात.

@आगरातला तुम्ही लिहिलंत ते वाचून ह्यांनी लगेच काकांना फोन केला. काका म्हणाले "हो रे, ते खरंच, मागच्या पावसात खालच्या वाडीत नेला एक". मग आधी का नाही सांगितलं!! माजघरामागची कोठीची खोली देतायत. सासूबाई एसटीने जायला एका पायावर तयार, त्यांना तशीही आमच्या गाडीतली गाणी आवडत नाहीत.

दोन_शेपट्या
मी डॉक्टर नाही, दोन कुत्री सांभाळून शिकलेय तेवढं सांगते.

पुण्यात ४० असलं तरी हवा कोरडी असते. तिकडे ३४ च असेल पण हवेत एवढी ओल की विचारू नका, आणि कुत्र्याला घाम येत नाही जवळजवळ, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार होतो, ओल्या हवेत ते धापा टाकणं नीट कामाला येत नाही. म्हणून तिथला ३४ त्याला जड जातो. अकरा ते पाच फरशीवर लोळू दे, खेळायला नेऊ नका पोरांनी कितीही हट्ट केला तरी. धाप थांबतच नाहीये, लाळ घट्ट झालीये, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं की साधं पाणी अंगावर ओतायचं, पोट आणि जांघा भिजवायच्या, पंख्याखाली न्यायचा आणि डॉक्टरकडे पळायचं.

खाण्यात आंब्याची कोय. लॅब कोय गिळतो आणि ती आतड्यात अडकते, ऑपरेशन करावं लागतं, आणि तुमच्याकडे तीस माणसं आमरसाला बसणार म्हणजे बादलीभर कोयी. बादलीला झाकण आणि वर दगड. काजूच्या ओल्या बिया पडलेल्या असतील तर त्यांच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. श्रीखंडातले, शिऱ्यातले बेदाणे अजिबात नाही, कांद्याची भजी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोचीड. जायच्या आधी गोचिडाची महिन्याची चघळायची गोळी द्या आणि रोज रात्री बोटांच्या मधे, कानात, शेपटीखाली, पट्ट्याखाली हात फिरवून बघा. पावडर मारून भागत नाही.

बिट्टूची_आई
खूप खूप धन्यवाद ताई. गोचिडाची गोळी त्याला मार्चमध्ये दिलीये, पावडर नेतेच आहे सोबत.

दोन_शेपट्या
मार्चची मार्चमध्येच संपली की. परत द्या.

मनीमाऊ_घारी
विषय कुत्र्याचा आहे पण कोणी मांजर न्यायच्या विचारात असेल तर हात जोडते, नका. आम्ही मागच्या वर्षी नेली, पोचल्या पोचल्या पाटीतून उडी मारून माळ्यावर गेली ती तीन दिवस खाली नाही. मासे दाखवून झाले, हाका मारून झाल्या. आमची ट्रिप म्हणजे शिडीखाली बसून राहणं. मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं.

आगरातला
@बिट्टूची_आई अजून एक राहिलं. समुद्रावर पट्टा सोडू नका. गुहागरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडतात, कुत्री वाळू उकरून घरटी फस्त करतात. आणि खारं पाणी प्यायला तर दोन दिवस जुलाब, सोबत गोडं पाणी न्या.

---

बिट्टूची_आई
मृग लागला, आम्ही येऊन जवळजवळ चार आठवडे झाले, आता सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत आणि मी त्यातलं एक ऐकलं नाही.

प्रवास छान झाला. पहाटे चार म्हणता म्हणता पावणेपाच, पण कोयनानगरला गार होतं तेव्हाच पोचलो आणि उलटी झाली ती बिट्टूला नाही, माझ्या धाकट्याला.

घरी पोचलो आणि पहिल्या पाच मिनिटांत अपराध. खळ्यात काकूंनी आमसुलं वाळत घातलेली, शेजारी ताटांमधे आंब्याची साठं (आंबापोळी). गाडीचं दार उघडलं तसा हा सरळ त्यावरून धावत विहिरीकडे. चार पायांचे ठसे साठावर, अगदी रांगोळीसारखे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू आल्या, बघितलं, म्हणाल्या "ते ताट त्याचंच आता, बाकीचे उचलून ठेवा". मुंजीच्या आदल्या दिवशी घाणा भरताना सगळ्या बायका त्याच ताटावर हसत होत्या.

मुंजीच्या दिवशी सनई-चौघड्याची कॅसेट लावली तेव्हा घाबरेल वाटलेलं, नाही घाबरला. कोठीच्या खोलीत पंखा लावून बंद केला होता, मातृभोजन झालं, मंगलाष्टकं झाली, सगळं नीट. भिक्षावळीला मात्र कोणीतरी (नाव घेत नाही, पण इथे "राग मानू नका" लिहिणारे ते नव्हेत एवढं नक्की) कोठीतून तांदूळ काढायला दार उघडलं. बटू लंगोटी लावून झोळी घेऊन उभा आणि हा त्याच्या शेजारी येऊन बसला, शहाण्यासारखा. प्रत्येक बाई झोळीत लाडू घालायची आणि याची मान हातापासून झोळीपर्यंत आणि परत. गुरुजींनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि पुढचं म्हणायला लागले. एकूण किती लाडू पोटात गेले ते बटू सांगत नाही. बेसनाचे होते, बेदाणे मी आधीच काढायला लावलेले, तेवढं बरं केलं.

पंच्याहत्तरीला काही विशेष नाही, ७५ दिव्यांनी ओवाळलं, फोटोत सगळीकडे एका कोपऱ्यात पिवळी शेपटी आहे. जाऊबाई शेवटपर्यंत त्याच्यापासून दोन हात लांबच होत्या आणि मी पण त्यांना बळेच हात लावायला सांगितलं नाही. रात्री आत झोपायचा. एका रात्री अडीचला उठून दाराशी उभा राहिला, अंगावरचे केस उभे, पण भुंकला नाही. आम्हीही दार उघडलं नाही. सकाळी खळ्यातल्या ओल्या मातीत पाऊल होतं की नाही यावर काका आणि हे अजून भांडतायत.

आता मुख्य. मी मार्चच्या गोळीवर भरवसा ठेवला, रोज बघायचं ठरवलं ते दोन दिवस बघितलं आणि मग पाहुण्यांच्या रामरगाड्यात राहिलं. पुण्यात आल्यावर कानात तीन आणि पट्ट्याखाली दोन गोचिड्या सापडल्या, काढल्या, विसरून गेले. दोन आठवड्यांनी याने जेवण सोडलं. लॅबने जेवण सोडलं म्हणजे काय ते ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांना कळेल. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या, जिना चढेना. रक्त तपासलं तर प्लेटलेट ४८ हजार. गोचीडताप. डॉक्टर म्हणाले दोन दिवस अजून थांबला असतात तर नाकातून रक्त आलं असतं. दोन दिवस सलाईन, आता डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, आज अकरावा दिवस आहे, प्लेटलेट वर आल्यात, काल पहिल्यांदा बिल आल्यावर दारापर्यंत भुंकत गेला. बिल म्हणजे विजेचं बिल घेऊन येणारा माणूस, व्हेटच्या बिलावर मी भुंकतेय.

@दोन_शेपट्या ताई तुम्ही दोनदा लिहिलं होतंत.

एक विचारायचंय, गोळी कशात लपवता? पनीरमध्ये देत होते, आता ओळखायला लागलाय, पनीर खातो आणि गोळी सोफ्याखाली सापडते.

दोन_शेपट्या
असू दे गं, होतं असं, वेळेत नेलास ना. पण पनीर आधी बंद कर! दूध, दही, पनीर याच्यासोबत हे औषध अंगी लागत नाही नीट, कॅल्शियम अडवतं त्याला. उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात दे, तीन गोळे कर, पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा हातात दिसेल असा धर म्हणजे दुसरा न चावता गिळतो. आणि वरून पाणी पाजायचं, घशात चिकटली तर जळजळतं. उपाशीपोटी नको.

बिट्टूची_आई
तिसरा गोळा हातात धरल्यावर खरंच न चावता गिळला!! सोफ्याखाली काही नाही, दोनदा बघितलं.

उगाच_कशाला
तांदूळ काढायला मी नव्हतो हो.