नाव कोरलेले नवे फाउंटन पेन पहिली रेघ सोडते. दुरुस्त करून घ्यावे की परत करावे?

ओलीशाई (परभणी)

नमस्कार मंडळी. मी नुकतेच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेतीन हजार रुपयांचे, पोलादी निबेचे आणि मध्यम टोकाचे फाउंटन पेन मागवले व टोपणावर नाव कोरून घेतले. पेन देखणे आहे, हातात तोलही चांगला बसतो. मात्र शब्द सुरू करताना पहिली रेघ वारंवार कोरी जाते आणि शिरोरेघेचा सुरुवातीचा तुकडा तर हमखास गायब असतो. जरा दाबले की शाई लगेच उतरते. निब रुळायला वेळ लागतो, नाव कोरलेले पेन परत घेतले जात नाही, फार तर स्वखर्चाने मुंबईला दुरुस्तीसाठी पाठवा, असे विक्रेत्याचे उत्तर आले आहे. येथे निबेचे काम जाणणारा कारागीर माझ्या माहितीत नाही आणि परतीची मुदत रविवारी संपते. काय करणे श्रेयस्कर ठरेल?

निबपारखी (छत्रपती संभाजीनगर)

दुरुस्ती की परतावा हे ठरवण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते पाहा, आणि मुदत संपेपर्यंत निबेच्या धातूला काहीही करू नका. घासणे, वाकवणे, फटीत ब्लेड सरकवणे यांपैकी काहीही केले की विक्रेत्याला नकार द्यायला आयते कारण मिळते.

आधी पेन धुऊन घ्या. कारखान्यातील तेलाचा अंश निबेवर किंवा तिच्याखालच्या फीडमध्ये, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या भागात, राहिला तरी शाई अडते. वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घेणाऱ्या नळीने) ते पाणी काही वेळा आत-बाहेर करा आणि मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि वाळले की पांढरा थर सोडते, म्हणून शेवटचे पाणी फिल्टरचे असू द्या. साधी निळी शाई भरा. चमकी असलेल्या किंवा दाट शाईवर परीक्षा घेऊ नका.

आता निब थेट दौतीत बुडवून, टीपकागदाला हलकेच टेकवून लिहा. निब ओलीचिंब असताना रेघा नीट येत असतील आणि ओळ-दोन ओळींनंतर कोरड्या पडू लागत असतील, तर अडथळा शाईच्या प्रवाहात म्हणजे फीड किंवा कन्व्हर्टरमध्ये आहे, आणि तो बहुधा घरच्या घरी सुटतो. निब ओली असूनही पहिली रेघ जात असेल, तर दोष टोकाचा समजावा. टोकावरच्या कठीण धातूच्या गोळीला मधोमध चीर असते. घडवताना या चिरेच्या आतल्या कडा गरजेपेक्षा जास्त गोल घासल्या गेल्या, तर शाई चिरेत येऊन थांबते, पण कागदापर्यंत पोचत नाही. दाब दिला की दोन्ही पाती किंचित फाकतात, शाई कागदाला टेकते आणि पुढे ओघ चालू राहतो. आपण सांगितलेले लक्षण अगदी हेच आहे. अक्षरे जोडून लिहिण्याच्या इंग्रजी वळणात पेन क्वचितच उचलले जाते, म्हणून असा दोष काहीसा झाकला जातो. देवनागरीत अक्षरागणिक पेन उचलायचे आणि वर शिरोरेघ द्यायची, त्यामुळे तो पानभर दिसतो. दहापट भिंग मिळाले तर टोक समोरून पाहा.

एक खातरजमा मात्र करा. सध्याच्या कोरड्या हवेत, तेही पंख्याखाली, उघडे पेन विचार करण्याइतका वेळ धरले तरी निब सुकते. टोपण काढल्या काढल्या लिहून पाहा आणि तरीही रेघ गेली तरच पेनाला दोष द्या.

टाकबोरू (लातूर)

वरील निदान मान्य आहे, पण पेन बदलून घेण्यापेक्षा मला दुरुस्ती बरी वाटते. बदलून आलेले पेन त्याच घाण्यातले असेल तर तोच दोष पुन्हा येऊ शकतो, उलट जाणत्या हाताने अतिबारीक घासपट्टीवर काही क्षण फिरवलेली निब नव्याहून चांगली चालते. अर्थात घासलेला धातू परत येत नाही, म्हणून हे काम शिकाऊ हाताचे नव्हे.

तारीखपेतारीख (नांदेड)

कायद्याची बाजू सांगतो. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नाव कोरलेले असणे हे मन बदलून पेन परत करणाऱ्याला नकार देण्याचे कारण असू शकते. निब लिहीत नसेल तर ते उत्तर पुरे पडत नाही, असे माझे मत आहे. फोनवर बोलू नका, रविवारच्या आत ई-मेलने लेखी तक्रार द्या आणि सोबत रेघ सुटतानाची छोटी चित्रफीत जोडा. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावे, अशी तरतूद आहे. न जमल्यास 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही आपण राहता तेथेच, म्हणजे परभणीत, दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही. पण साडेतीन हजारांसाठी तारखा मोजायच्या का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निबपारखी (छत्रपती संभाजीनगर)

दुरुस्ती आणि परतावा यांच्यामध्ये एक वाट आहे. बऱ्याच पेनांत निब, फीड आणि त्यांची नळी असा एकच स्क्रूचा भाग असतो. आपल्या पेनात तसे असेल, तर नाव कोरलेले टोपण आणि दांडी आपल्याकडेच राहू द्या आणि फक्त तो भाग बदलून मागा. विक्रेत्यालाही हे स्वस्तात पडते.

ओलीशाई (परभणी)

सर्वांचे आभार. धुऊन आणि बुडवून पाहिले. निब ओली असतानाही पहिली रेघ जाते. चित्रफितीसह ई-मेल केल्यावर विक्रेता निबेचा भाग बदलून द्यायला राजी झाला, कुरिअरचा खर्चही तोच देणार आहे; मात्र जुना भाग आधी पाठवा असे म्हणतो. तो घरी काढता येईल का?

निबपारखी (छत्रपती संभाजीनगर)

येईल. शाई काढून पेन धुवा, निब व फीड दोन्ही एकत्र चिमटीत धरून घड्याळाच्या उलट दिशेने हलकेच फिरवा; नुसती निब पिळू नका. घट्ट वाटल्यास तो भाग कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, गरम पाणी नको. पाठवण्यापूर्वी निबेच्या टोकाचे जवळून फोटो काढून ठेवा आणि कन्व्हर्टर त्यासोबत पाठवू नका.